बर्फाची लादी आणि पुढचा बुधवार

"दार लाव! आधी ते दार लाव! अरे थापाड्या, फ्रिज हाय तो, सिनेमाचा पडदा न्हाई उभं राहून बघायला!"

भास्कर ओरडत होता. नाकात नळी, उशाला ऑक्सिजनचं नळकांडं, डॉक्टरांनी बोलायलासुद्धा मनाई केलेली, आणि हा गडी आतल्या खोलीतल्या पलंगावरून असा ओरडला की शेजारच्या तीन घरांनी आपापल्या फ्रिजची दारं लावून घेतली असतील. मी त्याच्या नांदेडच्या घरात, स्वयंपाकघरात, थंड पाणी घ्यायला फ्रिज उघडून उभा होतो. त्याला मी दिसत नव्हतो. दार उघडल्याचा आवाज तेवढा गेला होता त्याच्या कानावर. मी मुद्दाम आणखी थोडा वेळ उभा राहिलो, कारण आत एक मजा होती. कोथिंबिरीची जुडी आणि दुधाचं पातेलं यांच्या मधोमध, दोऱ्याला बांधून एक थर्मामीटर लटकत होता. लस ठेवायच्या फ्रिजमध्ये असतो तसला. घरच्या फ्रिजमध्ये! सकाळी दात घासायच्या आधी आणि संध्याकाळी जेवायच्या आधी भास्कर तो बघायचा. सगळं आयुष्य लशी थंड ठेवण्यात गेलं आणि निवृत्तीनंतर ठेवायला लस उरली नाही, म्हणून हा माणूस वांगी थंड ठेवत होता.

"पारा किती हाय?" आतून आवाज.

"आता तुझाच चढलाय," मी म्हणालो. तो हसला, मग खोकला, मग वहिनींनी दोघांनाही दटावलं. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच पंधरवड्यात फोन आला. मी लातूरला, वर्गात, फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढत होतो. गेली पंचवीसएक वर्षं जीवशास्त्र शिकवतोय, हृदय डोळे झाकून काढतो. त्या दिवशी एक कप्पा काढायचा राहिला आणि एकाही पोराच्या ते लक्षात आलं नाही... मीही सांगितलं नाही.

डॉक्टर भास्कर सोनकांबळे हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. लातूर जिल्ह्याच्या भूकंपाच्या पट्ट्यात आज जी तिशीतली पोरं-पोरी मोटारसायकली उडवत फिरतायत, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या दंडावर किंवा मांडीवर याच्या केंद्रातली सुई टोचलेली आहे. मी थोडं वाढवून सांगतो, ही माझी ख्याती आहेच. 'थापाड्या' हे नाव मला भास्करनंच ठेवलं, नांदेडच्या वसतिगृहात. तो किनवटकडच्या जंगलातल्या गावचा, वडील रेल्वेत गँगमन. मी गावातल्या मास्तराचा पोरगा, तोंडानं तेज आणि बाकी सगळ्यात मंद. तो डॉक्टरकीला, मी बीएस्सीला, जेवायला मात्र एकाच खानावळीत. मी गोदावरीत मगर पाहिल्याचं सांगितलं की तो शांतपणे विचारायचा, "कोणत्या घाटावर? किती वाजता? चल, दाखव." असा माणूस. माझ्या थापेला पत्ता मागायचा.

मग भूकंप झाला. तो काय होता ते मी इथं लिहिणार नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. भास्करची नेमणूक तेव्हा किल्लारीच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात होती, आणि नंतरच्या महिन्यांत त्या केंद्राच्या दारात सगळं जग येऊन उभं राहिलं. जग म्हणजे खरोखर जग! ज्या देशांची नावं मी भूगोलात नापास होताना ऐकली होती त्या देशांतून घोंगड्या आल्या. घोंगड्या इतक्या की म्हशींच्या पाठीवर परदेशी घोंगड्या. बिस्किटं आली, तंबू आले, गोरे डॉक्टर आले, आणि एका ट्रकमधून एक फ्रिज आला. लशींसाठी. पांढराशुभ्र, आडवा, झाकण वर उघडणारा. त्यात आमच्या कॉलेजचे प्राचार्य झोपले असते तरी पायाशी जागा उरली असती. सोबत जनरेटर आणि एक जीप.

त्या फ्रिजचं उद्घाटन ठरलं. आता उद्घाटन म्हटलं की आमच्याकडं शाल, नारळ, फेटा आणि हार आलेच. देणारे गोरे पाहुणे, घेणारे आमचे पुढारी, मधे मी, दुभाषा म्हणून भास्करनं पकडून आणलेला. भाषणं लांबली. ऊन असं की झेंडूसुद्धा मान टाकू लागला. तेव्हा आमच्या एका कार्यकर्त्याला सुचलं, की हार सुकून राहिलेत, पाहुण्यांच्या गळ्यात ताजे पडले पाहिजेत, आणि समोर एवढा मोठा गारवा अर्धा रिकामाच पडलाय. त्यानं लशीचे खोके बाजूला सरकवले, हार आत ठेवले, सोबत सरबताच्या बाटल्याही ठेवल्या, आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून हार बरे आहेत ना ते बघत राहिला. भास्करला दिसलं तेव्हा पहिल्यांदा मी ती गर्जना ऐकली. "दार लाव!" व्यासपीठावरचे पुढारी दचकून बसल्या खुर्चीतून उठले. फ्रिजला दार नव्हतं, झाकण होतं, पण कुणी चूक काढायची हिंमत केली नाही. भास्कर सभेतून चालत गेला, एकेक हार बाहेर काढून त्या कार्यकर्त्याच्या गळ्यात घालत गेला. त्याचं तोंड झेंडूत बुडून गेलं. पाहुण्यांना वाटलं ही इथली रीतच असावी, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

समारंभ संपल्यावर भास्करनं मला त्या गोऱ्या पाहुण्यापुढं उभं केलं. भला माणूस होता, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. भास्कर म्हणाला, "त्यांना सांग, फार उपकार झाले. आणि विचार, पुढच्या बुधवारचं काय?" आमच्याकडं लसीकरणाचा दिवस बुधवार. मी विचारलं. पाहुणा म्हणाला, पुढच्या बुधवारी डिझेल आहे, बर्फ आहे, सगळं आहे. "त्याच्या पुढच्या बुधवारी?" आहे. "आणि तुम्ही गेल्यावर?" पाहुण्यानं भास्करच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्यासोबत एक फोटो काढून घेतला.

ते गेले. त्यात त्यांचा काय दोष, जगात दुसरीकडं दुसरं काही पडलं असेल. जनरेटर राहिला, डिझेल गेलं. जीप राहिली, ड्रायव्हरचा पगार गेला. फ्रिज राहिला आणि वीज... वीज आमच्याकडं पाहुण्यासारखी यायची, तीही घाईत. अशाच एका उन्हाळ्यात वीज सलग काही दिवस गेली, आतला बर्फ संपला, आणि बुधवारी सकाळी भास्करनं पारा पाहिला. भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडांतून बायका लेकरं काखेत मारून चालत आल्या होत्या. सगळी लस खराब. त्यानं ती सगळ्यांसमोर टाकून द्यायला लावली आणि स्वतः पायरीवर उभं राहून सांगितलं, "आज सुई न्हाई. लस गरम झाली. टोचली असती तर तुमाला कळलं नसतं, पण मला कळलं असतं." एक बाई म्हणाली, "मग कवा येऊ, डाक्टर?" आणि हा वाघ, पुढाऱ्यांना खुर्चीतून उठवणारा, पायरीवरून उतरून रिकामे खोके गोळा करू लागला.

त्या संध्याकाळी त्यानं मला एक गोष्ट सांगितली. आयुष्यात एकदाच. किनवटच्या त्याच्या गावात तो लहान असताना लशीची जीप आली होती, भोंगा लावून, मोठ्या थाटात. सगळ्या पोरांना टोचलं. त्याच्या धाकट्या बहिणीला त्या दिवशी ताप होता. जीपमधल्या माणसानं प्रेमानं सांगितलं, आज नको, पुढच्या बुधवारी टोचू. आई पुढच्या बुधवारी तिला घेऊन रस्त्यावर बसली. त्याच्याही पुढच्या बुधवारी बसली. जीपच्या डिझेलची मंजुरी संपली होती. पावसाळ्यात घटसर्पानं बहीण गेली. "आईनं कधी त्या माणसाला शिव्या दिल्या न्हाईत," भास्कर म्हणाला. "ती म्हनायची, आला होता बिचारा. मास्तर, येणारे लई असतेत रं. मला परत येणारा पाहिजे."

आता गोष्ट लातूरला येते, आणि इथून पुढं माझी छाती फुगू लागते, कारण यात मी आहे. लातूरला तेव्हा क्लासचं वारं सुटलं होतं. वारं कसलं, वावटळ! आज एका गल्लीत पाच क्लास, उद्या सात, परवा गल्लीच गायब आणि सगळा क्लासच. परभणीची, बीडची, उदगीरची पोरं ट्रंका घेऊन एस.टी.तून उतरायची, आणि रिक्षावाला त्यांना पत्ता विचारायच्या ऐवजी विषय विचारायचा. माझा जीवशास्त्राचा क्लास एका पीठगिरणीच्या माडीवर सुरू झाला. खाली जात्याचा घरघराट, वर माझा. बेडकाचं विच्छेदन शिकून पोरं घरी जायची तेव्हा अंगावर ज्वारीचं पीठ असायचं. आणि निकाल लागले की सत्कार! पहिल्या आलेल्याचा सत्कार, त्याच्या बापाचा सत्कार, क्लासच्या सरांचा सत्कार, सत्कार करणाऱ्याचा सत्कार. एका वर्षी मी एकाच आठवड्यात इतक्या शाली घरी आणल्या की बायकोनं विचारलं, दुकान टाकताय का?

अशाच एका सत्काराला मी प्रमुख पाहुणा म्हणून भास्करला बोलावलं. गुणवंत पोरं रांगेनं बसलेली, पालकांनी सभागृह गच्च, माझ्याशी स्पर्धा करणारे क्लासवालेही पहिल्या रांगेत, माझी फजिती होते का ते बघायला. भास्करच्या गळ्यात मी माणसाच्या मांडीएवढा हार घातला. त्यानं तो काढला, हातात तोलला आणि माईकवर म्हणाला, "ह्या एका हाराच्या भावात रज्जाकभाईकडं बर्फाची अख्खी लादी येते."

सभागृह गार.

"तुमी सगळे हुशार लोक हाव," तो पुढं बोलला. "मला एक सांगा. भूकंपानंतर आमाला सगळ्या जगानं मदत केली. ती आटली. लोक वाईट न्हवते, दया थकते माणसाची. मी लई दिवस शोधून राहिलो, की असं काय हाय जे आटत न्हाई? आज इथं येऊन सापडलं. लातुरात पाऊस आटंल, नळ आटंल, पण सत्काराची हौस आटलेली कुनी पाहिलीय का?"

पहिल्यांदा माझे स्पर्धक हसले. मग सगळं सभागृह हसलं. मग त्यानं मागणी केली. हार बंद. ज्याचा सत्कार, त्याच्या नावानं त्या आठवड्यात बर्फाची एक लादी, आणि बुधवारसाठी ती केंद्रावर न्यायला गाडी. बस. केंद्राच्या दारावरच्या फळ्यावर त्या बुधवारी त्याचं नाव, खडूनं, पुढच्या बुधवारी पुसून दुसऱ्याचं.

वाचकहो, जे पुढं झालं ते मी वाढवून सांगायची गरजच उरली नाही, एवढं ते मुळात वाढलेलं होतं. पहिली लादी माझी गेली, लाकडाच्या भुशात, पोत्यात गुंडाळून, टेम्पोतून. फळ्यावर माझं नाव लागलं. दुसऱ्याच दिवशी भौतिकशास्त्राचा क्लासवाला रज्जाकभाईच्या बर्फाच्या कारखान्यात हजर. "मास्तरच्यापेक्षा मोठी दे." रज्जाकभाई म्हणाले, "सर, साचा एकच हाय." "मग दोन दे!" गणिताच्या सरांनी लादीपुढं बँड लावला. रसायनवाल्यांनी लादीला फेटा बांधला. लादीला! टेम्पोत पोतं सारून उभी केलेली, गुलाबी फेटा घातलेली बर्फाची लादी नवरदेवासारखी निघायची आणि रस्त्यावरच्या बायका खरोखर विचारायच्या, लगीन कुनाचं? दहावीचा निकाल, बारावीचा निकाल, कुणाची पदोन्नती, कुणाची एकसष्टी, कुणाला मुलगी झाली. बुधवार काही रिकामा जाईना. एका धनाढ्य क्लासवाल्यानं तर भास्करला घरी बोलावून सांगितलं, दहा वर्षांचा बर्फ मी एकटा देतो, फळा कायमचा माझ्या नावाचा करा. भास्कर त्याच्या घरचा चहा पिऊन उठला. बाहेर आल्यावर मी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "एकाच्या खिशात सगळी पोरं ठेवू का? तो रुसला की बुधवार बुडला. शंभरातले पाच रुसले तर पंच्याण्णव उरतेत. हे तुझ्या जीवशास्त्रात न्हाई का?"

बर्फ होता, तरी भास्करचं समाधान होईना. "ही लादी म्हंजे भीक न्हाई, पन हक्कबी न्हाई," तो म्हणायचा. "डिझेल, बर्फ, ड्रायव्हर, हे सरकारच्या अंदाजपत्रकात पाहिजे. मोठा आकडा नको. एक ओळ पाहिजे. दरसाल छापून येनारी, कुनाच्या मेहेरबानीवर न्हाई अशी." त्यासाठी त्यानं जिल्ह्याच्या कचेरीत अर्जावर अर्ज केले होते. ते तिथं नीट जपून ठेवलेले होते.

मग तो मंगळवार आला. बारावीचा निकाल नुकताच लागलेला, ऊन असं की डांबर चपलेला चिकटून घरी येत होतं. रज्जाकभाईकडंही वीज नव्हती, मोठ्या मुश्किलीनं लादी निघाली. बँड, फेटा, गुणवंत पोरं, पालक, आम्ही सगळे क्लासवाले, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. मिरवणूक गावाबाहेर निघायची ती भास्करनं मधेच वळवली आणि कचेरीच्या फाटकासमोर टेम्पो थांबवून म्हणाला, "पोतं काढा."

पोतं काढलं. लादी उन्हात. बँडवाले वाजवत होते, भास्करनं हात वर केला, ते थांबले. त्या शांततेत फक्त थेंब ऐकू येत होते. टप, टप. फेटा आधी ओला झाला, मग घसरला. पाणी टेम्पोतून रस्त्यावर, रस्त्यावरून फाटकाखालून सरळ कचेरीच्या आवारात जाऊ लागलं. उद्या बुधवार, बायका लेकरं घेऊन येणार, आणि हा वेडा एकुलती एक लादी वितळवत बसलाय! मी त्याच्या कानाशी लागलो, "भास्कर, उद्याचं काय?" त्यानं घसरलेला फेटा उचलून माझ्या हातात दिला.

शेवटी साहेब बाहेर आले. नाव कशाला सांगू, तसे सज्जन होते. "डॉक्टर, काय तमाशा लावलाय? मागणी असेल तर अर्ज द्या."

"अर्ज दिलेत साहेब," भास्कर म्हणाला. "ते वितळत न्हाईत, म्हनून हे आनलं."

पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनी लादीकडं पाहिलं, ती आता गुडघ्याएवढी उरली होती. पालकांकडं पाहिलं, त्यांत त्यांच्या स्वतःच्या शेजाऱ्यांचे चेहरे. "बरं बरं. ह्या महिन्याचं डिझेल मंजूर करतो." जल्लोष! बँडवाल्यांनी तोंडाला पिपाणी लावली. भास्करनं पुन्हा हात वर केला.

"आणि पुढच्या बुधवारी?"

"अहो, ह्या महिन्याचं दिलं ना?"

"साहेब, लेकरं काय ह्याच महिन्यात जन्माला येऊन थांबनार हायत का?"

साहेबांच्या बुटाखालून पाणी वाहत होतं. ते पाय उचलून बाजूला झाले आणि म्हणाले, "आत या." भास्कर आत गेला तो लादीची पाटी झाली तरी येईना. आला तेव्हा एवढंच बोलला, "ओळ घालतो म्हनले. औंदाच्या नव्हं, येत्या अंदाजपत्रकात. तवर लादी चालू." मी किंचाळलो, "कुठली लादी? पाणी झालं सगळं!" तर हा शांतपणे म्हणाला, "रज्जाकभाईनं सकाळी दोन काढल्या होत्या. एक कवाच केंद्रावर गेली. तू थापा मारतोस मास्तर, पन कामाच्या वेळेला मारत न्हाईस. म्हनून ही मला मारावी लागली."

ती ओळ छापून आली. खरंच आली, भास्करनं मला बोट ठेवून दाखवली, पोराचा नंबर दाखवावा तशी. पुढं फ्रिज बदलले, सौरऊर्जेवरचे आले, क्लासचे मजले चढले, भास्करची बदली होत होत तो नांदेडला विष्णुपुरीकडं घर बांधून स्थिरावला. लादीची गरज संपली, तरी लातुरात काहीजण अजून निकालानंतर हाराऐवजी केंद्राला काही ना काही देतात. का देतात ते नव्या पोरांना ठाऊक नाही. विचारलं तर म्हणतात, पद्धत आहे.

गेल्या रविवारी नांदेडला त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. माणसं इतकी, की मांडव रस्त्यावर आला. बुद्धवंदना झाली, मग बोलायला मला उभं केलं, आणि मी काय बोललो म्हणता! लादीला फेटा बांधला, साहेबांचे बूट पाण्यात बुडवले, लोक रडता रडता हसत होते. आणि शेवटी भरात येऊन मी जाहीर केलं, की डॉक्टरांच्या नावानं आम्ही सगळे क्लासवाले मिळून त्या जुन्या केंद्राला मराठवाड्यातला सगळ्यात मोठा फ्रिज देणार, संगमरवरी पाटीसकट, आणि उद्घाटन असं करणार की भूकंपानंतरचं विसराल! टाळ्या थांबेनात. मला स्वतःलाच भरून आलं.

कार्यक्रमानंतर मी स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा वहिनी फ्रिजपुढं होत्या. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई, मोजकं बोलणारी. कोथिंबीर आणि दुधाच्या मधोमध तो थर्मामीटर तसाच लटकत होता, आणि वहिनी डोळ्यांवरचा चष्मा वर करून पारा बघत होत्या, संध्याकाळची वेळ झाली होती म्हणून. मी मागून म्हणालो, "वहिनी, ऐकलंत ना? एवढा मोठा फ्रिज देणार आहोत भास्करच्या नावानं!"

त्यांनी पारा पाहून घेतला. दार लावलं.

"आणि पुढच्या बुधवारी?"